चौकात लावलेली गाडी

गाडी विकल्यानंतरही मी ती पाच महिने चालवली, तोंडाने. रस्त्यावर होती तेव्हा तिला पेट्रोल लागायचं, विमा लागायचा, टायर लागायचे. तोंडाने चालवायला काहीच लागत नाही, त्यामुळे ती मोठ्या झोकात पळत होती. हे लिहिताना हसू आलं तर बरं होईल असं वाटतं, पण मला ते अजून जमलेलं नाही.

आधी खरी गाडी सांगते. आम्ही जबलपूरला, विजय नगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. नवरा एका खाजगी कंपनीत विक्रीचं काम बघतो, मी खाजगी शाळेत गणित शिकवते, आणि एक मुलगी आहे. महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आम्ही सुखवस्तू असतो, पंचवीसपर्यंत मध्यमवर्गीय, आणि त्यानंतर जे काही असतो त्याला नाव नाही. अशा घरात गाडी यायला दोनच गोष्टी लागतात. बँक कर्ज द्यायला तयार असावी आणि घरातल्या एकाने मनात घ्यावं. बँक तयार होती. मनात मी घेतलं.

पांढरी, लहानशी, नवी कोरी गाडी. आमच्याकडे नवी गाडी आधी नर्मदेला दाखवतात, म्हणून शोरूममधून ती थेट तिलवाऱ्याच्या घाटावर नेली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ, सगळं यथासांग झालं. दोन्ही चाव्या ताम्हणात ठेवून पंडितजींनी त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं. एक चावी नवऱ्याच्या खिशात गेली, दुसरी मी देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली आणि साफ विसरले.

गाडी घेणं आम्हाला परवडलं होतं, असणं परवडलं नाही. हा फरक गणिताच्या बाईला आधी कळायला हवा होता. मुलगी अकरावीत गेली तशी शिकवणीची फी आली, नवऱ्याच्या कंपनीने फिरतीचा भत्ता कापला, आणि तेलाचा डबा, सिलिंडर, घरभाडं ही मंडळी तर वर चढायलाच जन्मलेली. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आमचे पाय आधीच पसरलेले होते आणि अंथरूण खालून कुणीतरी ओढत होतं. आधी गाडी फक्त रविवारी निघायची. मग रविवारीही निघेना. नवरा खाली जाऊन कव्हर काढायचा, बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि पुन्हा कव्हर घालून वर यायचा. आम्ही गाडीला जागच्या जागी पेट्रोल पाजत होतो.

श्रावणात ती विकली. घेणाऱ्याने दुसरी चावी मागितली तेव्हा आम्ही घरभर शोधली, सापडली नाही, आणि तेवढ्यापायी त्याने भाव थोडा पाडून घेतला. नवऱ्याला विकल्याचं जराही वाईट वाटलं नाही. त्याने ऑफिसात, पानठेल्यावर, खालच्या चौकीदाराला, सगळ्यांना सांगून टाकलं. "डोक्यावरचं ओझं उतरलं," म्हणाला, आणि त्या रात्री खरंच घोरला.

मला मात्र ते जमेना. मला विचारलं तर मी म्हणायचे, सर्व्हिसिंगला दिली आहे. पुढच्या वेळी म्हणायचे, हे घेऊन गेले आहेत. घटस्थापनेच्या आधी देव घासायला काढले तेव्हा डब्यात चावी सापडली, कुंकवाने माखलेली. नवरा म्हणाला, "त्याची आहे, देऊन टाकू, मी फोन करतो." मी म्हटलं, मी करते. मी फोन केला नाही. चावी ओल्या फडक्याने पुसली, तिला कडी अडकवली आणि पर्समध्ये टाकली. चोरीच ती, दुसरं काय. पण तेव्हा मला ती चोरी वाटली नाही, मूठ झाकायला मिळालेलं फडकं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते ना.

कुणापुढे एवढं झाकायचं होतं? मराठी बायकांच्या आमच्या मंडळापुढे, आणि खरं सांगायचं तर त्यातही एका घरापुढे.

ते घर शहराच्या जुन्या भागात, घमापुरात आहे, काकूंचं. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. लग्न होऊन मी यवतमाळहून इथे आले तेव्हा मला हिंदी नीट बोलता येत नव्हतं, आणि भाजीवाला फसवतो म्हणून मी जिन्यात बसून रडत होते. काकूंची सून तेव्हा माझ्याच शाळेत शिकवत होती, ती मला घरी घेऊन गेली. काकूंनी मला पिठलं-भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "रडून काहून राहिली व पोरी? जबलपूर काही काळं पाणी नाही." तेव्हापासून ह्या शहरात मला माहेर म्हणून जे काही आहे ते तेवढंच. सून माझी जिवाची मैत्रीण झाली. काकांना ऐकू कमी येतं, ते नुसते हसायचे.

गाडी घेतल्यावर मी काकूंना दोनदा गणपतीच्या आरतीला नेलं होतं. त्या पुढच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून फोटो काढायला बसल्यासारख्या बसायच्या आणि सिग्नलला ओळखीचं कुणी दिसलं की काच खाली करायला सांगायच्या. "आमच्या पोरीची गाडी," असं त्यांनी एका भाजीवालीला सांगितलं होतं. हे 'आमच्या पोरीची' मला सोडवेना. गाडी गेली म्हणजे ते शब्दही परत द्यावे लागतील असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. काकूंनी असा हिशेब कधी केला नव्हता, तो सगळा माझा.

घमापुरातली त्यांची गल्ली इतकी अरुंद, की समोरून सायकल आली तर एकाने ओट्यावर चढावं. चारचाकी आत जातच नाही. त्यामुळे माझं काम सोपं झालं. मी ई-रिक्शाने चौकाच्या अलीकडे उतरायचे, पदर नीट करायचे, पर्समधून चावी काढून बोटात अडकवायचे आणि चालत काकूंच्या घरी जायचे. "गाडी कुठे लावली?" "चौकात, औषधाच्या दुकानापाशी." निघताना म्हणायचं, "नका ग येऊ पोचवायला, चौकातच तर आहे." पाच महिन्यांत एकदाही पकडली गेले नाही. मुलीला मात्र ठाऊक होतं. एकदा बरोबर आली होती तेव्हा ती चावीकडे बघून म्हणाली, "मम्मी, यह क्या कर रही हो?" मी तिला मराठीत बोल म्हणून दटावलं.

संक्रांत आली. काकूंकडचं हळदीकुंकू संक्रांतीच्याच दिवशी असतं, दुपारी. काका जेवून देवळात जाऊन बसतात आणि घर बायकांच्या ताब्यात देतात. आम्ही दहा-बाराजणी होतो. वाणावरून थट्टा चालली होती. महागाई कळायला वर्तमानपत्र कशाला हवं, वाण बघावं. मी नवी होते तेव्हा स्टीलची वाटी मिळायची, मग डबी आली, मग प्लॅस्टिकची गाळणी, आणि त्या वर्षी कपडे वाळत घालायचे चिमटे, तेही सहा. माझ्या शेजारी ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनी बसल्या होत्या. त्या त्याच मोहल्ल्यात दोन गल्ल्या सोडून राहतात, कुठेही पायी जातात आणि येताना हातात पिशवी असते. माझी चावी बघून त्या म्हणाल्या, "संक्रांतीच्या गर्दीत गाडी आणली तुम्ही? हिंमत आहे बापा!" मी हसून म्हटलं, "सवय होऊन जाते." हे वाक्य मला अजून कानात ऐकू येतं.

काकूंच्या घरी कुंकू काकूच लावायच्या. सुनेने करंडा धरायचा, बस. आधी हळद, मग कुंकू, अनामिकेने, गोल आणि नेमकं, भुवयांच्या बरोबर मध्ये. लावायच्या आधी त्या प्रत्येकीला "डोळे मीट" म्हणायच्या, कारण कुंकू डोळ्यांत उडतं. सत्तरी ओलांडली तरी बोट हललं नव्हतं. माझी पाळी आली. "डोळे मीट," काकू म्हणाल्या. मी मिटले. हळद लागली. मग कुंकवाचं बोट कपाळाला टेकलं आणि तिथे न थांबता खाली घसरलं, भुवईवरून नाकावर, नाकावरून ओठापर्यंत. सगळ्याजणी हसल्या. मीही हसत डोळे उघडले. समोर काकूंचा चेहरा एका बाजूने उतरला होता. त्या काहीतरी बोलत होत्या आणि त्याचे शब्द होत नव्हते.

त्यांना खाली बसवलं. उजवा हात लोंबत होता. कुणी तरी अँब्युलन्सला फोन लावला. निघालीय म्हणाले, पण घाटाकडची गर्दी आहे, वेळ लागेल. घरातले पुरुष सगळे कामावर, काका देवळात. तेवढ्यात सून माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण मला बघून त्यावर रंग आला. म्हणाली, "तुझी गाडी आहे न चौकात! देवा, किती चांगलं झालं ग तू गाडी आणली. तू गल्लीच्या तोंडाशी आण, आम्ही आईंना खुर्चीवर उचलून आणतो."

तेव्हा एकच शब्द बोलायचा होता. नाही. तेवढा बोलले असते तर त्या दहाजणी दहा दिशांना पळाल्या असत्या आणि कुणीतरी काहीतरी आणलंच असतं. मी काकूंकडे वाकले आणि म्हटलं, "काकू, गाडी आणते, दोन मिनिटांत." आणि चावी घेऊन धावले.

काहून? मी स्वतःला हे इतक्यांदा विचारलं आहे. धावताना माझ्या डोक्यात एक योजना होती, आणि त्या योजनेची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. चौकात रिक्शा मिळेल, ती घेऊन जाईन आणि म्हणेन, गाडी ऐनवेळी दगा देऊन गेली. म्हणजे काकूंचं तोंड वाकडं झालेलं पाहूनही माझ्या मनाचा एक कोपरा खोटं नीट बसवत होता.

चौकात रिक्शा नव्हती. इतर दिवशी तिथे ई-रिक्शा अंगावर येतात, पण संक्रांतीला अर्धं शहर नर्मदेवर असतं आणि रिक्शावालेही तिकडेच. ज्या येत होत्या त्या भरून येत होत्या. मी हात करत होते, "भैया, भैया" ओरडत होते, आणि नाकावर कुंकवाची रेघ ओढलेली, हातात कारची चावी धरलेली बाई बघून कुणी थांबत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. फोन वाजला. सून.

"अगं, आणून राहिली न?"

मी म्हटलं, "सुरू नाही होऊन राहिली."

मग तिचा आवाज, खोलीतल्या बायकांना उद्देशून: "गाडी सुरू नाही होत तिची, धक्का द्यावा लागते." आणि मला: "थांब, ह्या येऊन राहिल्या." मी नको नको म्हणेपर्यंत फोन बंद झाला.

आणि त्या आल्या. गल्लीतून सहाजणी धावत आल्या, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, केसांत गजरे. निऱ्या वर खोचलेल्या, दोघी तर अनवाणी. पुढे बँकेतल्या मॅनेजरची बायको, एरवी साडीला सुरकुती पडेल म्हणून खुर्चीच्या काठावर बसते ती. "कुठे आहे? कोणती?" ती ओरडली. औषधाच्या दुकानापाशी एक पांढरी गाडी उभी होती, आमच्यासारखीच. तिने आणि आणखी दोघींनी तिच्या डिकीला हात लावले, पाय रोवले आणि मला म्हणाल्या, "चल, बस आत, गिअर टाक!"

मी चावी हातात धरून उभी होते.

"ही नाही," मी म्हटलं.

"मग कोणती?"

आजूबाजूला दुसरी गाडी नव्हतीच. दुकानदार गल्ल्यावरून मान बाहेर काढून बघत होता. मी म्हटलं, "नाहीये. विकली. श्रावणातच विकली."

तिघींचे हात अजून त्या परक्या गाडीवर होते. बोलल्या असत्या, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला आज तेवढा तरी आधार असता. ब्लाऊजवाल्या वहिनी सगळ्यांच्या मागे होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या सरळ रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि दोन्ही हात पसरून एका भरलेल्या ई-रिक्शासमोर उभ्या राहिल्या. "उतरो भैया, सब उतरो! अम्मा को अस्पताल ले जाना है!" चार माणसं मुकाट्याने उतरली. एवढं सोपं होतं ते. मला मात्र नुसते हात करून रिक्शा थांबवायची होती, गाडीवाल्या बाईसारखी.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कितनी देर हुई?" सून म्हणाली, "पचास मिनट." त्यातली वीस-पंचवीस माझी होती. तिने ते सांगितलं नाही, फक्त पदराने चेहरा पुसला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन गेले तेव्हा मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, अशा दुखण्यात वेळ महत्त्वाचा खरा, पण ह्यांच्या बाबतीत फरक पडला असता की नाही, सांगता येत नाही. ह्या 'सांगता येत नाही'वर मी आजवर जगते आहे. कधी तो शब्द मला सोडवतो, कधी धरून ठेवतो.

काकू वाचल्या. बोलणं हळूहळू परत आलं, थोडं जड. उजवा पाय ओढत का होईना चालतो. उजवा हात मात्र आला नाही.

सुनेने मला एका शब्दाने दुखावलं नाही. शाळा तिने कधीच सोडली होती, पण मी भेटायला गेले की चहा करायची, औषधांचं सांगायची. एवढंच, की आधी मला ती 'अगं' म्हणायची आणि आता 'मॅडम' म्हणू लागली. "मॅडम, साखर चालते न?" अठरा वर्षं माझ्या चहात साखर टाकणारी बाई. मंडळातल्याही कुणी विषय काढला नाही. मला वाटलं होतं गावभर होईल. झालं नाही, आणि त्याचीही लाज वाटली, कारण मी त्यांच्या जागी असते तर केलं असतं.

मला ठाऊक नव्हतं ते असं, की काकूंना कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्या दिवसातलं त्यांना शेवटचं आठवत होतं ते माझं वाक्य, काकू, गाडी आणते. पुढचं त्यांनी मनानेच जुळवून घेतलं. महाशिवरात्रीच्या सुमारास एका सकाळी दारावरची बेल वाजली. दारात काका. हातात पिशवी, पिशवीत नारळ, झेंडूचा हार आणि उदबत्तीचा पुडा. चार जिने चढून दमले होते. "तुझ्या काकूने पाठवलं," ते मोठ्याने म्हणाले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. "म्हणते, पोरीच्या गाडीनं माझा जीव वाचवला, तिला हार घालून या. खाली पाहिली, दिसली नाही गाडी."

शेजारच्या दारातून भाभी डोकावली. मी काकांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "हे घेऊन गेलेत, काका."

"अच्छा, अच्छा," काका म्हणाले. "मग तूच वाढव नारळ, संध्याकाळी." पाणी प्यायले आणि कठडा धरत उतरून गेले.

नवरा आतच होता. दाढी करता करता त्याने हे सगळं ऐकलं होतं. अर्ध्या तोंडाला साबण लावलेला तो बाहेर आला, नारळाकडे बघितलं आणि म्हणाला, "त्या घरी जाऊन सांगून टाक. अजून किती वेळा विकायची ती गाडी?" मी त्याच्यावर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. माणूस चुकलेला असला की आवाज चांगला निघतो. तो हार मी कुंडीतल्या तुळशीला घातला. नारळ फोडवेना आणि टाकवेना. ओट्याच्या कोपऱ्यात तो राहिला, आतलं पाणी आटलं, हलवला की खुळखुळू लागला. घरात पाहुणे आले आणि चटणीला ओलं खोबरं हवं झालं तरी मी बाहेरून विकत आणलं. एवढ्या महागाईत.

चावी मात्र त्याच आठवड्यात गाडी घेणाऱ्याला नेऊन दिली. तो म्हणाला, "अरे दीदी, मिल गई? हमने तो डुप्लिकेट बनवा ली." मी पैसे परत मागेन असं त्याला वाटलं असावं, तो जरा घाईनेच आत गेला.

वर्ष गेलं. मी काकूंकडे जात राहिले, आणि दरवेळी त्या आल्यागेल्याला माझी ओळख करून देत राहिल्या. "हीच ती. हिच्या गाडीत नेलं मले." सून स्वयंपाकघरात निघून जायची. मी जिभेवर शब्द घेऊन जायचे आणि गिळून परत यायचे. काकूंची तब्येत, काकूंचं मन, डॉक्टरांनी ताण देऊ नका सांगितलंय, अशी कारणं मला पुष्कळ सापडायची. खरं कारण एकच. त्या घरात माझ्याकडे प्रेमाने बघणारं एकच माणूस उरलं होतं आणि ते माझ्या खोट्यावर उरलं होतं.

पुन्हा संक्रांत आली. काकूंनी स्वतः फोन केला. "ये. हळदीकुंकू आहे."

मी ई-रिक्शाने गेले आणि गल्लीच्या अगदी तोंडाशी उतरले. मुद्दाम लवकर गेले, बायका यायच्या आत. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, काळी साडी, उजवा हात मांडीवर पालथा. समोर स्टुलावर करंडा. सुनेने सांगितलं, "डाव्या हाताने लावा म्हटलं तर ऐकतच नाहीत. कुंकू काय डाव्या हाताने लावायचं असतं, म्हणतात. ज्या येतील त्यांनीच हात धरून कपाळाला न्यायचा." ती तिळगुळाची ताटली आणायला आत गेली.

काकू माझ्याकडे बघून हसल्या, एका बाजूने. "तू पहिली," म्हणाल्या. "तुहा मान. तुह्या गाडीनं..."

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांचं बोट कुंकवात बुडवलं. मनगट धरून हात उचलला, तेव्हा कळलं, हलणारा हात आणि न हलणारा हात ह्यांच्या वजनात किती फरक असतो. कपाळाच्या चार बोटं अलीकडे मी थांबले.

"काकू, गाडी नव्हती," मी म्हटलं. "त्याच्या पाच महिने आधीच विकली होती. चौकात काहीच नव्हतं. मी खोटं बोलत होते. मी तिथे उभी राहिले आणि तुम्हाला उशीर झाला."

आत ताटली ठेवल्याचा आवाज झाला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही शोधत होते, पण अर्धा चेहरा तर कधीच काही सांगत नव्हता आणि उरलेला अर्धाही सांगेना.

त्यांनी विचारलं, "मग कशात नेलं मले?"

"ई-रिक्शात."

खाली गल्लीतून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"त्याले तिळगूळ देल्ला का कोणी?"

मी आठवून बघितलं. पैसे कुणीतरी दिले असतील, पण तिळगूळ? संक्रांतीचा दिवस होता, घरात डबाभर लाडू होते, आणि त्या माणसाचा चेहरासुद्धा मला आठवत नव्हता. त्या वीस मिनिटांचा मी वर्षभर विचार केला होता, आणि सगळा माझ्याचबद्दल.

"नाही, काकू," मी म्हटलं.

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. दरवर्षी इथे त्या 'डोळे मीट' म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. मी आपणहून डोळे मिटले आणि त्यांचा हात माझ्या कपाळाला नेला. त्यांना तो मागे घ्यायचा असता तरी घेता आला नसता. ते कुंकू काकूंनी मला लावलं की मीच लावून घेतलं, हे मला आजही माहीत नाही.